डावीकडचा नमुना

बाबांच्या उजव्या फुप्फुसातली गाठ गोळीने लहान होत होती आणि डाव्या फुप्फुसातली वाढत होती. माणूस एक, गोळी एक, ती पोटात जाते तीही एकाच तोंडाने. मग एका बाजूला गुण येतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे कसं, असं मी ज्याला विचारायचे तो उलट मलाच विचारायचा. गोळी वेळेवर घेतात ना? जेवणाआधी की जेवणानंतर? बिडी खरंच सोडली का? पुन्हा स्कॅन झाला, पुन्हा तीच कथा निघाली, तेव्हा ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या जिन्यात मी फाईल भिंतीवर आपटली. फाईलला काही झालं नाही, माझं मनगट मात्र दुखत राहिलं.

माझा स्वभावच तसा. आई म्हणते, "हिच्या तोंडाला लगाम न्हाय." घरात कुणी पाण्याचा तांब्या सांडला तरी माझा आवाज चार घरं ऐकू जातो. आमच्या गावात बापाला तू म्हणतात, आणि त्या तूमध्ये माया आणि दटावणी दोन्ही मावतात. बाबांनी मला कधी उलट उत्तर दिलं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की खाली मान घालून ऐकायचे आणि तो संपला की विचारायचे, "झाला? आता जेव."

सासर पडघ्याला, नोकरी वळ गावात आणि माहेर पूर्ण्याच्या अलीकडे, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य हायवेवर कंटेनरच्या मागे जातं. नोकरी गोडाउनमध्ये, परत आलेल्या मालाच्या टेबलावर. लोक ऑनलाइन मागवतात, पसंत पडलं नाही की परत पाठवतात, ते सगळं आमच्याकडे येतं. खोकं उघडायचं, माल का परत आला ते शोधायचं आणि कारण टाकायचं. 'असंच आलं' हे कारण सिस्टीम घेत नाही. मीही घेत नाही.

बाबांनी आयुष्यभर दोन कामं केली. जमीन होती तोवर पावसाळ्यात भातशेती, आणि उरलेलं वर्ष भिवंडीतल्या एका कापडाच्या पेढीवर तपासणीचं काम. लूमवरून उतरलेले कोऱ्या कापडाचे ताके तिथे यायचे. ते टेबलावर ओढत न्यायचे आणि दोष हुडकायचे, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, कुठे वीण विरळ झालीय. दिवसभर कापसाची कुस, म्हणजे बारीक तंतू, उडायची. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि आई त्यांना आधी मोरीवर पाठवायची. पुढे शेतावर गोडाउन उभं राहिलं, पेढीवरचं कामही सुटलं. खोकला तेवढा राहिला.

त्या खोकल्यात एके दिवशी रक्त दिसलं आणि छातीच्या फोटोत दोन डाग निघाले. उजवीकडे वरच्या बाजूला एक, डावीकडे खाली एक, जरा लहान. दोन्हीकडे सुई घालून तुकडा काढला. त्याआधी आत्या, म्हणजे बाबांची बहीण, घरी येऊन पायरीवर बसली होती. "गाठीला सुई लावली का ती पसरते, मी सांगून ठेवतंय," असं तिने दहा वेळा सांगितलं. मी तिला म्हटलं, आत्या, तू सांगून ठेवलंस, आता ते तिथेच ठेव आणि घरी जा. ती रुसली. बाबा मात्र निमूट गेले आणि दोन्ही बाजूंना सुया टोचून घेऊन आले.

दोन्ही तुकड्यांचा निकाल एकसारखा आला. कॅन्सरचा प्रकार तोच, शब्द तेच, खालची सही तीच. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सांगितलं की उजवीकडचा रोग डावीकडे पसरलाय. पसरलाय म्हणजे चौथी स्टेज, आणि चौथ्या स्टेजला ऑपरेशन नाही. हे सांगायला त्यांना आमच्या पुढच्या पेशंटचं नाव पुकारेपर्यंतचाच वेळ लागला. पण एक आशा होती. गाठीची जनुकांची तपासणी करायची, त्यात ठरावीक बिघाड सापडला तर रोज एक गोळी घेऊन रोग आवरता येतो. ती तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये व्हायची होती, आणि त्यासाठी 'ब्लॉक' न्यायचे होते.

ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेली मेणाची वडी. सुईने काढलेला तुकडा त्या मेणात बंद करून ठेवतात. भाताच्या तुसाएवढा असतो तो, नीट पाहिलं तरच दिसतो. आपल्याकडे हॉस्पिटल तो पेशंटच्याच हातात ठेवतं आणि म्हणतं, न्या. त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून बाबा स्वतः जाऊन सही करून पाकीट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एक डबी दिली आणि म्हणाले, "हा घे, लॅबला दे." मी दिली.

बिघाड सापडला. डॉक्टर पहिल्यांदा हसले. गोळी सुरू झाली, आणि आमच्या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. बाबांच्या तोंडावर पुरळ उठलं, नखांच्या कडा सोलवटल्या, तोंड आलं. पण डॉक्टर म्हणाले की पुरळ उठणं बऱ्याचदा औषध लागू पडल्याचं लक्षण असतं, तेव्हा आई त्या पुरळाकडेही कौतुकाने बघायला लागली. पहिल्या स्कॅनमध्ये उजवी गाठ बरीच आक्रसली होती. डावीबद्दल 'किंचित वाढ' असं लिहिलं होतं आणि त्या किंचितकडे कुणीच पाहिलं नाही. पुढच्या वेळी किंचित गेलं आणि नुसती वाढ राहिली.

मग सुरू झाली चौकशी, आणि आरोपी ठरले बाबा. आत्या म्हणाली, बिडी चोरून चालू असेल. मामा म्हणाला, पथ्य मोडत असतील. आई त्यांच्यामागे अशी लागली की बाबा सुकटीच्या वासालाही घाबरायला लागले. मीही काही कमी नव्हते. गोळ्यांचं पाकीट उघडून बघायचे, शर्टाच्या खिशात हात घालायचे. बिडी कधी सापडली नाही, वेलदोडे सापडायचे. "बाबा, तू आम्हाला फसवतोयस का?" मी एकदा ओसरीवर ओरडले. ते म्हणाले, "मी गोली खातंय गो बाय. आता ती गोली आत जाऊन कंच्या बाजूला वलते, ता मना कसा ठाव?"

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कधीकधी असं होतं, औषध काही ठिकाणी चालत नाही. कधीकधी असं होतं! माझ्या टेबलावर एखादं खोकं असं यावं की निम्मा माल धड आणि निम्मा फुटका, आणि मी कारण लिहावं, कधीकधी असं होतं. मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतील. मी त्यांना विचारलं, पण का होतं? त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या माणसाचा मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी रिक्षात एकटीच बडबडत होते.

गोडाउनमधल्या एका मैत्रिणीने मग दुसऱ्या डॉक्टरचं नाव दिलं, मुंबईच्या एका हॉस्पिटलातल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी सगळी पानं पुढे-मागे केली, मग जनुकांचा तो रिपोर्ट बाजूला काढून त्यावर बोट ठेवलं. "हा उजव्या गाठीचा आहे. डावीचा कुठे आहे?"

मी म्हटलं, एवढाच आहे.

"दोन्हींचे तुकडे काढले होते ना? मग डावीची जनुकांची तपासणी झाली नाही का?"

 दोन गाठी, एक रिपोर्ट, आणि इतके महिने एवढ्या शिकलेल्या माणसांत कुणालाच काही वाटलं नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक आहे, पण ती एका हंडीतल्या भाताची. चुलीवर दोन हंड्या असतील तर दुसरीचं झाकण उघडायला काय झालं होतं? त्या बाई म्हणाल्या, "डावीचा ब्लॉक आणा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गाठी सारख्या दिसल्या म्हणजे त्या एकच असतात असं नाही. आधी ते बघू, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी, कशासाठी ते न सांगताच, मी बाबांना घेऊन ठाण्याच्या हॉस्पिटलात गेले. तळघरात ब्लॉक देण्याची खिडकी होती. आत बसलेला माणूस म्हणाला, दोन्ही दिलेत. मी म्हटलं, एकच मिळालाय. तो म्हणाला, मॅडम, सही आहे. मी म्हटलं, सही काय दाखवता, माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा हरवलाय तुमच्याकडे, त्याचं काय? मागे रांग वाढली. तो वरच्या आवाजात बोलला, मी त्याच्याही वर गेले. तुमच्या असल्या कारभारामुळे माझ्या बापाचे महिने वाया गेले म्हणाले. वरिष्ठांना बोलवा म्हणाले. पोलिसात जाईन असंही म्हणाले. रांगेतला एक चाचा माझी बाजू घेऊन त्याला सुनवायला लागला, "ये लोग ऐसे ही करते हैं, छोड़ना मत." खिडकीमागचा माणूस घामाघूम झाला होता आणि कपाट उघडून पुन्हा पुन्हा तेच खण धुंडाळत होता.

तेवढ्यात बाकावर बसलेले बाबा हळूच बोलले.

"बाय, त्याला नको बोलू. दुसरा आपल्याकडं हाय."

मी वळून पाहिलं. "कुठे आहे?"

"घरा. पेटीत."

 तो चाचा दुसरीकडे बघायला लागला. खिडकीमागचा माणूस कपाट लावून खुर्चीत बसला. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती, आणि एवढा संतापही आला नव्हता. दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी बाबांचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं आणि रिक्षात बसल्यापासून सुरू झाले. कशाला ठेवलास? कुणाला विचारून ठेवलास? तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय? कशेळीच्या पुलावर रिक्षावाला म्हणाला, "दीदी, बुजुर्ग हैं, जाने दो." मी त्याला सांगितलं, "आप गाड़ी चलाओ." तो मुकाट्याने चालवायला लागला.

घरी आल्यावर बाबांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. पेढीवरची त्यांची सगळी वर्षं त्या पेटीत होती, कापडाचे तळहाताएवढे तुकडे, गठ्ठे बांधलेले. आणि त्यांच्यात मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेली ती मेणाची वडी.

भिवंडीच्या कापडबाजारात एक रीत आहे. व्यापाऱ्याला नमुना पाठवायचा तर कापडाचा एक तुकडा कापायचा आणि मधोमध फाडायचा. अर्धा त्याला द्यायचा, अर्धा आपल्या पेटीत ठेवायचा. उद्या तो म्हणाला की हा माल नमुन्यासारखा नाही, तर आपला अर्धा काढून त्याच्या अर्ध्याला लावायचा, फाटलेल्या कडा जुळल्या की भांडण मिटलं. सगळा नमुना देऊन बसणारा माणूस म्हणजे आपला गळा दुसऱ्याच्या हातात देणारा. बाबा हेच करत म्हातारे झाले. हॉस्पिटलच्या पाकिटातून दोन वड्या निघाल्या तेव्हा त्यांनी दोन्ही निकाल वाचून घेतले शेजारच्या मास्तरांकडून, शब्द न् शब्द सारखे आहेत याची खात्री केली, आणि एक वडी लॅबला देऊन दुसरी पेटीत टाकली. लॅबने उद्या तुकडा हरवला, काही भलतंच लिहिलं, तर आपल्याकडे आपला नमुना असावा.

"माल सारकाच व्हता," बाबा म्हणाले. "सारक्या मालाचे दोन्ही नमुने कोन देतो?"

आई दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. "तुज्या बापसाचा शानपन," एवढंच बोलली आणि आत गेली.

मी दुसऱ्या दिवशी ती वडी स्वतः नेली, बाबांच्या हाताला लागू न देता. लॅबच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुकडा अगदी बारीक आहे, पुरेल असं सांगता येत नाही. मग ते कळेपर्यंत थांबा, वाट बघा, फोन करू नका, आम्ही करू. मी रोज फोन केला. आधी सॅम्पल प्रोसेसमध्ये आहे म्हणाले, मग मशीन बंद आहे, मग सुट्ट्या आल्या. गोडाउनमध्ये मी त्या दिवसांत दोन मुलींना विनाकारण रडवलं. बाबा रात्रंदिवस खोकत होते, आणि आता खोकताना डाव्या कुशीवर हात दाबून धरत होते. त्यांचा हात तिथे गेला की मी नजर दुसरीकडे वळवायचे, नाहीतर तोंडातून काहीतरी निघालंच असतं.

निकाल आला तेव्हा त्या डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, कॅन्सर होतो तेव्हा त्यांत बिघाड झालेला असतो. एका गाठीतून फुटून दुसरी झाली असेल तर पहिलीतला मूळ बिघाड दुसरीत सापडायला हवा, कारण ती तिचीच पोर. बाबांच्या उजव्या गाठीत जो बिघाड होता, ज्याच्यावर ती गोळी चालते, तो डावीत अजिबात नव्हता. डावीत वेगळ्याच जनुकात वेगळाच बिघाड होता. "म्हणजे ही पसरलेली नाही," त्या म्हणाल्या. "हे दोन वेगवेगळे कॅन्सर आहेत. एकाच माणसाला, साधारण एकाच काळात, आपापले झालेले."

बाबांनी मान हलवली. "एका बीमवरचे दोन ताके असते, तं दोगांत तोच धागा तुटलेला दिसला असता." बीम म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, त्यात एखादा धागा कमी असेल तर त्यावर विणलेल्या प्रत्येक ताक्यात तीच रेघ उमटत जाते. बाई म्हणाल्या, बरोबर, तसंच. आणि मला वाटलं, उठून बाबांना गदागदा हलवावं. हे तुला इतकं लगेच कळतं? कापडात कळतं? दोन ताके दिसायला सारखे असूनही वेगळ्या लूमवरचे असू शकतात हे तू आयुष्यभर लोकांना सांगत आलास, मग स्वतःच्या छातीतल्या मालाला काय झालं होतं?

आत्याने नंतर विचारलं, "मंग बिडीनं झाला का न्हाय?" मी तेही बाईंना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की नक्की कुणी सांगू शकत नाही. पण डावीत जो बिघाड आहे तो बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, आणि उजवीतला कधीच न ओढणाऱ्यांतही पुष्कळ दिसतो. म्हणजे एक गाठ कदाचित बिडीची आणि एक कदाचित नशिबाची. आत्याला मी एवढंच म्हटलं की निम्मं तुझं खरं आहे. ती त्यावरही खूश झाली नाही.

पण माझं डोकं एकाच गोष्टीवर अडून बसलं होतं. पसरलेलं नाही, म्हणजे चौथी स्टेज नव्हतीच. मग ऑपरेशन? बाई म्हणाल्या, दोन वेगळे कॅन्सर असतील आणि दोन्ही आपापल्या जागी असतील, तर दोन्ही काढून टाकण्याचा विचार करता येतो, एकानंतर एक. आता डावी वाढलीय, पण तरी सर्जनला दाखवू, नवीन स्कॅन करू. घरी जाताना मी बाबांना म्हटलं, कापून टाकतील बघ, दोन्ही. ते म्हणाले, "बरा होल ना?" मी म्हटलं, होईल, न व्हायला काय झालं, आणि आता त्या स्कॅनला जाताना निदान आंघोळ करून चल, दाढी बघ कशी वाढलीय. त्या आठवड्यात आम्ही सगळेच नीट जेवलो. आईने सुकट भाजली आणि कुणी काही बोललं नाही.

स्कॅनच्या निकालाच्या दिवशी बाबा बाहेर बसले आणि मी एकटी आत गेले. बाईंनी पडद्यावर छातीचं चित्र दाखवलं. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत पिवळे ठिपके चमकत होते, चार-पाच. डावीकडचा रोग तिथल्या ग्रंथींत पोचला होता. सर्जनने नाही म्हटलं होतं. आता डावीसाठी सलाईनमधून औषध आणि शेक, म्हणजे रेडिएशन; उजवीसाठी गोळी आहे तशी चालू. "बरेच दिवस आवरून धरता येईल," त्या म्हणाल्या. बरं होईल, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी विचारलं, सुरुवातीलाच दोन्ही तपासले असते तर?

 त्यांनी पहिला स्कॅन, अगदी सुरुवातीचा, शेजारी उघडला. मधली जागा काळी होती. एकही ठिपका नव्हता. "तेव्हा ऑपरेशनचा विचार नक्की झाला असता," त्या म्हणाल्या. "त्यापुढचं मी खात्रीने सांगणार नाही."

मी बाहेर आले. इतके महिने माझा राग घर शोधत फिरत होता. डॉक्टरवर बसला, खिडकीतल्या माणसावर बसला, लॅबवर, आत्यावर. आता त्याचं घर सापडलं होतं, आणि तिथे बाकावर बसून माझा बाप चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरून माझी वाट बघत होता. अंगावर धुतलेला पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी. मला पाहून उठायला गेले आणि कप कलंडला, चहा सगळा शर्टावर आणि माझ्या ओढणीवर.

मी रुमाल काढला आणि त्यांचा शर्ट पुसला. "असू दे बाबा," मी म्हटलं. "दुसरा आणते. पोळलं नाही ना?"

"काय बोल्ली?"

"सलाईनमधून औषध देणार आहेत. आणि शेक. गोळी चालूच ठेवायची."

"आनी कापाचा?"

"त्याची गरज नाही म्हणाल्या. बस ना जरा. दमलास का?"

ते बसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. "माज्यामुलं उशीर झाला ना?"

"नाही रे बाबा. तसं काही नाही. आधी कळलं असतं तरी हेच करणार होते." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझाच आवाज मला परका वाटत होता.

"खोटा बोलतंस," ते म्हणाले. "एवढा चा सांडला मी. तू वरडली न्हाईस."

आणि मग माझा बांध फुटला. त्या भरल्या हॉलमध्ये, ऑक्सिजन लावलेल्या आणि डोकी बोडकी झालेल्या माणसांसमोर, मी बापावर ओरडले. हो, तुझ्यामुळे झाला उशीर! कुणी सांगितलं होतं तुला नमुना ठेवायला? कुणाशी भांडणार होतास तू, देवाशी? कडा जुळवून दाखवणार होतास त्याला? तेव्हा जागा मोकळी होती बाबा, एक ठिपका नव्हता, एक! कापून टाकली असती! मी काय करू आता, सांग, मी कुणाला धरू? वॉचमन धावत आला. मी रडत होते आणि ओरडत होते आणि कुठलं कुठे संपतंय ते मला कळत नव्हतं. बाबा खाली मान घालून उभे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द मध्ये न बोलता.

माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

"हां," ते म्हणाले. "आता आला तुजा आवाज. मगाशी मना वाटला, मी गेलोच."